कुशल कोण, अकुशल कोण?

‘तज्ज्ञ’ हा शब्द मराठीत जितका मानाचा, तितकाच तो चुकीचा लिहिला जाणारा आहे. सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, एवढेच नव्हे तर खुद्द तज्ज्ञांच्या नावाखाली छापलेल्या परिचयातही ‘तज्ञ’ असे एका ‘ज’ला मुकलेले रूप सर्रास आढळते. व्याकरणाचे शिक्षक तांबड्या शाईने तो अर्धा ‘ज’ घालतात आणि पुढच्या वहीकडे वळतात. परंतु गळलेल्या या अर्ध्या अक्षराबरोबर थोडा अर्थही गळून जातो. ‘तत्’ म्हणजे ‘ते’ आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. संधीच्या नियमाने ‘तत्’मधल्या ‘त्’चा ‘ज्’ होतो आणि ‘तज्ज्ञ’ हा शब्द सिद्ध होतो. ‘ते’ जाणणारा तो तज्ज्ञ. म्हणजे या शब्दाच्या पोटातच एक सर्वनाम दडलेले आहे आणि सर्वनाम कधी निराधार उभे राहू शकत नाही. ‘ते’ म्हणजे कोणते, हे सांगितल्यावाचून तज्ज्ञ या शब्दाला पुरता अर्थच येत नाही.

आज नेमका तोच प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ‘तज्ज्ञांच्या मते’ या दोन शब्दांनी बातमीची सुरुवात झाली की वाचक पुढचे वाक्य आदराने वाचतो. हे तज्ज्ञ कशातले, हे शोधण्याची तसदी तो घेत नाही. विषयाचे नाव सुटले आणि तज्ज्ञ ही एक पदवीच होऊन बसली. याच शब्दसृष्टीच्या दुसऱ्या टोकाला ‘अकुशल’ हा शब्द आहे. तोही असाच विषयावाचून वापरला जातो. अमुक माणूस अमुक कामात अकुशल असे कोणी म्हणत नाही. तो नुसताच अकुशल असतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि बहुधा जन्मभर. या दोन टोकांच्या मध्ये मराठीत प्रावीण्याचे जे विपुल शब्द आहेत, त्यांपैकी कोणता शब्द कोणाच्या वाट्याला येतो हा केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. बैठकीत कोणाचे म्हणणे ऐकले जाईल आणि हजेरीपटावर कोणाच्या नावापुढे किती रुपये पडतील, हेही त्या शब्दांवरून ठरत असते.

दर्भ, वीणा आणि नदी

संस्कृतातून मराठीत आलेले यातले काही शब्द मुळात किती साधे होते हे पाहण्यासारखे आहे. ‘कुशल’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती ‘कुश’ म्हणजे दर्भ यावरून सांगतात. दर्भाच्या पात्याची कड धारदार असते. बेसावधपणे ओढले तर बोट कापते. निवडून, हाताला इजा होऊ न देता जो दर्भ आणतो, तो कुशल. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रूढीमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आणि पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला हरकत घेतली. शब्द कसा बनला यावर त्याचा अर्थ अवलंबून नसतो, ‘दक्ष’ हाच कुशल या शब्दाचा मुख्य अर्थ होय, असे त्याचे म्हणणे. आधुनिक भाषाशास्त्रही ही जुनी व्युत्पत्ती जशीच्या तशी स्वीकारील असे नाही. तथापि, कौशल्याचे उदाहरण शोधताना जुन्या पंडितांना गवत कापणारा हात आठवला, ही गोष्ट लहान नव्हे.

‘प्रवीण’ हा शब्द वीणेवरून आला असे परंपरा सांगते. वीणावादनात जो श्रेष्ठ, तो प्रवीण. ‘निष्णात’ या शब्दाचे मूळ तर स्नानात आहे. ‘स्ना’ या धातूमागे ‘नि’ हा उपसर्ग किंवा ‘नदी’ हा शब्द आला आणि कौशल्याचा अर्थ अभिप्रेत असला, तर ‘स’चा ‘ष’ होतो असा स्वतंत्र नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात केला आहे. त्यातून ‘निष्णात’ आणि ‘नदीष्ण’ हे दोन शब्द सिद्ध होतात. नदीष्ण म्हणजे नदीचा जाणकार: पाणी कोठे खोल आहे, उतार कोठे मिळेल, हे ज्याला ठाऊक आहे तो. मराठीने निष्णात घेतला, नदीष्ण मात्र संस्कृतातच राहिला. ‘पारंगत’ या शब्दातही पैलतीर गाठण्याचीच कल्पना आहे.

या चारही शब्दांत पोथी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. हात, बोटे, पाणी आणि काठ एवढेच आहे. विळा घेऊन माळावर गेलेला माणूस आणि नदीचा उतार दाखविणारा नावाडी यांच्या अनुभवावर हे शब्द उभे राहिले. पुढे ते राजसभेत गेले, तेथून शास्त्रचर्चेत आणि अखेरीस मानपत्रांत जाऊन बसले. आज डोंगरउतारावर गवत कापणाऱ्या बाईला ‘प्रवीण’ म्हणावयाचे कोणाला सुचणार नाही. संगीताच्या क्षेत्रात गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतील ‘विशारद’ आणि ‘अलंकार’ या परीक्षांनी अशा शब्दांना निश्चित अभ्यासक्रमाचे माप लावले, हे एका अर्थी चांगलेच झाले; निदान तेथे ‘कशातला’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. इतरत्र मात्र ही विशेषणे फुलांच्या हारासारखी ज्याच्या त्याच्या गळ्यात पडतात.

फारसी शब्दांचे नशीब

मराठीतील कौशल्याच्या शब्दांचा दुसरा मोठा साठा फारसी-अरबीतून आला. दरबार, लष्कर आणि कारखाने ही त्याची वाट. उस्ताद, कारागीर, कसब, हुन्नर, हिकमत, वाकबगार हे शब्द या वाटेने आले आणि मराठी घरात इतके रुळले की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. पोर्तुगिजांच्या सहवासातून ‘मेस्त्री’ आला आणि कोकणात व गोव्यात तो आडनावही होऊन बसला. दांडपट्ट्याचा पटा फिरविणारा तो ‘पटाईत’ आणि सरावाने हात बसलेला तो ‘सराईत’ हे शब्द त्यांच्याच पंक्तीला बसले.

आता या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहावे. उस्तादाचा ‘वस्ताद’ झाला. कोल्हापूरच्या तालमीत त्या शब्दाची अदब अजूनही कायम आहे. वस्ताद समोर आले की पैलवान उठून उभा राहतो. पण तालमीच्या बाहेर ‘तो मोठा वस्ताद आहे’ असे म्हटले की ऐकणारा आपले पाकीट चाचपून पाहतो. अरबीत हिकमत म्हणजे शहाणपण. मराठीत ती युक्तीपर्यंत आणि कधी कधी लबाडीपर्यंत उतरली. पटाईत हा आज थापा मारण्यात आणि काम टाळण्यात असतो. सराईत या शब्दाला तर वृत्तपत्रांनी ‘गुन्हेगार’ या एकाच नामाशी कायमचे बांधून टाकले आहे. ‘कसब’ म्हणजे व्यवसाय, हातातले कौशल्य. ‘कसबी’ या पुल्लिंगी शब्दाचा मान थोडाफार टिकला. परंतु ‘कसबीण’ हे स्त्रीलिंगी रूप होताच भाषेने त्याचा अर्थ थेट वेश्या असा करून टाकला. पुरुषाने कसबावर पोट भरले तर तो कारागीर आणि बाईने भरले तर तिची अब्रू गेली, असा निवाडाच जणू एका प्रत्ययाने दिला.

शब्दांच्या अर्थाची अशी घसरण अनेक कारणांनी होते आणि ती केवळ फारसी शब्दांचीच होते असेही नाही. ‘पंडित’, ‘विद्वान’, ‘शहाणा’ हे शब्दही मराठी माणूस उपहासाने वापरतो. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त पढतमूर्खाची लक्षणे सांगण्यासाठी एक अखंड समास खर्ची घातला, तेव्हा पोथीतल्या विद्वत्तेलाही मराठीने मोकळे सोडलेले नाही. तरीही एक फरक उरतोच. ‘विद्वान’ हा शब्द उपहासाने म्हणावयाचा तर आवाजाचा सूर बदलावा लागतो. ‘वस्ताद’ला त्याची गरज पडत नाही, संशय त्या शब्दातच मुरलेला असतो. मानपत्रात ‘निष्णात’ आणि पोलिसांच्या निवेदनात ‘सराईत’ ही वाटणी आपोआप झालेली नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांना आपल्या विद्येसाठी संस्कृत शब्द आपलेसे वाटले. ज्या कामाची रीत लेखणीला उमगत नव्हती, ती तिला हातचलाखी वाटली. कसब ज्या त्या जातीच्या कोंडीत बंदिस्त राहिले होते, हेही या दुराव्याचे एक कारण होय. सुताराचे ज्ञान सुताराच्या घराबाहेर पडत नसे आणि शास्त्र्याला ते आपल्या घरी यावे अशी गरजही भासत नसे.

बाई, सुगरण आणि बीजमाता

स्त्रियांच्या वाट्याला आलेले शब्द आणखी वेगळी हकीकत सांगतात. ‘सुगरण’ हा मराठीतला सुंदर शब्द. त्याचे मूळ ‘सुगृहिणी’त आहे. म्हणजे तिच्या हातच्या चवीचे श्रेय तिच्या विद्येला मिळत नाही, ते तिच्या गृहिणीपणाला मिळते. या शब्दाचे पुल्लिंग मराठीत नाही. पुरुषाने तेच काम केले की तो ‘आचारी’ होतो आणि त्याला मेहनताना मिळतो. गावोगावच्या सुइणींनी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे केली. त्यांच्या हाताला ‘गुण’ आहे असे लोक म्हणत राहिले. हातगुण म्हणजे दैवाचे देणे. शिकलेली, चुकून सुधारलेली आणि पुढच्या पिढीला दिलेली विद्या असे त्याला कोणी म्हटले नाही.

गाण्याच्या क्षेत्रात पुरुषाला धर्माप्रमाणे पंडित किंवा उस्ताद म्हणण्याची रीत पडली. दोन्ही शब्द विद्येचे. त्याच मैफलीत गाणारी स्त्री मात्र ‘बाई’ राहिली. केसरबाई केरकरांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या बाहेर गेले. मोगूबाई कुर्डीकरांच्या गायकीचा अधिकार जाणकारांनी एकमुखाने मानला. ‘बाई’ हा मराठीत आदराचाच शब्द आहे. शाळेत शिकविणाऱ्या स्त्रीलाही मुले बाईच म्हणत आली. परंतु ‘पंडित’ हा शब्द त्या माणसाला काय येते ते सांगतो, ‘बाई’ हा शब्द ती कोण आहे एवढेच सांगतो. ‘विदुषी’ हा शब्द आता मैफलींच्या पत्रिकांवर दिसू लागला आहे. त्याला उशीर मात्र फार झाला.

ही सवय अजून गेलेली नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले, निवडले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्र त्यांना ‘बीजमाता’ म्हणून ओळखतो. या नावामागचे प्रेम खरे आहे, यात शंका नाही. पण तेच काम एखाद्या पुरुषाने केले असते तर त्याला कोणी ‘बीजपिता’ म्हटले नसते; ‘बीजतज्ज्ञ’ म्हटले असते. कोणते बी कोणत्या जमिनीत तग धरते, ते कसे सुकवावे आणि कशात साठवावे, हे निरीक्षणाने मिळविलेले ज्ञान आहे. त्याला माया म्हटले की गौरव होतो, पण ज्ञान म्हणून त्याची मोजदाद व्हावयाची राहते.

मजुरी ठरविणारे विशेषण

शब्दांचा हा पक्षपात सर्वांत महाग पडतो तो मजुरीच्या दरात. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनांतून ‘कुशल’, ‘अर्धकुशल’ आणि ‘अकुशल’ ही परिभाषा कचेऱ्यांत आणि कारखान्यांत रूढ झाली. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेत या तिघांच्या जोडीला ‘अतिकुशल’ असाही वर्ग आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. मागेल त्याला काम देण्याचा हा कायदा देशाला वाट दाखविणारा ठरला. त्यात हमी होती ती ‘अकुशल’ अंगमेहनतीच्या कामाची. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही तोच शब्द आला.

हे अकुशल काम म्हणजे काय? खडी फोडणारा माणूस दगड उलटसुलट करून पाहतो, कोणत्या जागी घाव घातला असता तो सरळ फुटेल हे नजरेने ठरवितो आणि मग घण उचलतो. नवशिक्याने तोच दगड दहा घावांनी फोडला तरी तुकडे वेडेवाकडेच पडतात. भाताची लावणी करणारी बाई चिखलात पाठमोरी सरकत जाते. रोपाच्या जुडीतून मोजकी रोपे नेमकी निघतात, ठरावीक अंतरावर आणि ठरावीक खोलीवर रोवली जातात, आणि हे सारे न मोजता होते. ऊसतोडणीला निघालेल्या जोडप्याला साखर कारखानदारीच्या बोलीत ‘कोयता’ म्हणतात. माणसांची ओळख त्यांच्या हत्याराने होते. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या भागात साखर अधिक असते. वाढे छाटून, मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढावे लागते. या कामाला कौशल्य लागत नाही असे म्हणणाऱ्याने ती फळी एकदा चढून पाहावी.

वर्गवारीच नको असे येथे म्हणावयाचे नाही. विजेच्या उच्च दाबाच्या तारांवर काम करणाऱ्याला बराच काळ शिकावे लागते, त्याची जोखीम मोठी असते आणि त्याला वेतन अधिक मिळावे हे न्याय्यच आहे. आक्षेप आहे तो शब्दावर. ज्या कामासाठी औपचारिक प्रशिक्षणाची अट नाही ते ‘अकुशल’ असे मानले गेले, आणि प्रशिक्षणाचा अभाव हाच कौशल्याचा अभाव ठरला. सरकारच्याही हे ध्यानात आलेले दिसते. २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत, आधीच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. म्हणजे कौशल्य होतेच. नव्हता तो फक्त कागद.

एक शेतकरी, एक डॉक्टर

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ साली त्यांना आपल्या भातशेतीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुन्हा पेरल्या आणि हंगामामागून हंगाम पारखत एक नवा वाण सिद्ध केला. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची चलती होती. त्यावरून तांदळालाही ‘एचएमटी’ हे नाव पडले. विदर्भातच नव्हे तर इतर राज्यांतही तो पिकू लागला. पुढे याच वाणावर काम करून एका कृषी विद्यापीठाने आपले बियाणे प्रसृत केले आणि श्रेय कोणाचे याचा वाद कित्येक वर्षे चालला. खोब्रागडे यांना मानसन्मान मिळाले, पण हलाखी सुटली नाही. २०१८ साली ते वारले. वेगळेपण हेरणे, निवड करणे, पुनःपुन्हा पडताळणे ही संशोधनाची रीत त्यांनी अक्षरशः पाळली होती. तरी त्यांना लावलेले विशेषण बहुधा ‘प्रयोगशील शेतकरी’ हेच राहिले. प्रयोग करतो तो शास्त्रज्ञ आणि प्रयोगशील असतो तो शेतकरी, अशी ही सूक्ष्म पायरी भाषेने राखून ठेवली आहे.

याचा अर्थ पदवीधर तज्ज्ञाला कमी लेखावे असा मुळीच नव्हे. अनुभवाच्या नावाखाली अज्ञानही खपते आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. कोकणात विंचूदंशावर मंत्र घालणारे ‘जाणकार’ गावोगावी होते आणि लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईने टिपला आणि ‘प्राझोसिन’ हे औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि दगावणाऱ्यांचे प्रमाण फार खाली आले. हे खरे तज्ज्ञपण. त्यातले ‘ते’ स्पष्ट होते, त्याची कसोटी रुग्णाच्या जगण्यात होती आणि ते सर्वांना पडताळता येईल असे लिहून ठेवलेले होते.

खोब्रागडे आणि बावसकर यांना वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसविण्याचे कारण म्हणूनच उरत नाही. दोघांनीही एकच गोष्ट धरली, ती वर्षानुवर्षे न्याहाळली आणि निष्कर्षाला अनुभवाच्या कसोटीवर घासून घेतले. खरा भेद आहे तो या दोघांत आणि कोणत्याही विषयावर कोणत्याही दिवशी मत देण्यास सिद्ध असलेल्या फिरत्या तज्ज्ञात. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या आपल्या अहवालात स्थानिक ग्रामसभांशी विचारविनिमय व्हावा असा आग्रह धरला होता. आपल्याला ठाऊक नाही ते कोणाला ठाऊक आहे, हे जाणणे हाही तज्ज्ञपणाचाच भाग आहे.

भाषा कायद्याने बदलत नाही, पण वापराने बदलते; आणि तो वापर शिक्षक, लेखनिक आणि विद्यार्थी यांच्याच हातून रोज होत असतो. ‘तज्ज्ञ’ असे शुद्ध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कशातला तज्ज्ञ?’ हेही विचारावयास शिकविता येईल. अर्जातला व्यवसायाचा रकाना भरताना ‘काही नाही’ असे खरडण्याऐवजी समोरच्या बाईला काय येते, हे एकदा विचारून पाहता येईल. ‘अकुशल अंगमेहनतीचे काम’ या शब्दप्रयोगातून पहिला शब्द काढून टाकला तरी अर्थ पुरेसा राहतो. कायद्याच्या पुढच्या मसुद्यात तो गाळण्याची मागणी करण्यास कोणाची हरकत नसावी. त्याने मजुरी लगेच वाढणार नाही. परंतु ज्या माणसाला काही येत नाही असे कागदावर लिहून ठेवले आहे, त्याने अधिक मजुरी मागावी तरी कोणत्या तोंडाने? दर्भ कापणाऱ्या हातासाठी जो शब्द एकदा सुचला होता, तो त्याच हाताला नाकारण्याचा अधिकार कोणत्याही हजेरीपटाला नाही.